परगावचा ताप

आजारी पडायचेच असेल तर माणसाने आपल्या घरी पडावे. घरच्या तापाला एक प्रकारची प्रतिष्ठा असते. आई आधी कपाळाला हात लावते, मग हात उलटा करून गालाला लावते, आणि तापमापक काहीही सांगो, "अंग चांगलंच कढत आहे गं" असा निकाल देऊन स्वयंपाकघरात जाते. थोड्या वेळाने ज्वारीच्या मऊ कण्या येतात. शेजारच्या एक बाई येऊन खिडकी उघडा म्हणतात, दुसऱ्या येऊन ती लावून घ्या म्हणतात. दोन दिवस अभ्यासाचे नाव कोणी काढत नाही, आणि तिसऱ्या दिवशी ताप उतरला म्हणजे आपल्यालाच थोडे चुकल्याचुकल्यासारखे होते.

परगावच्या तापाला हे वैभव नाही. तो एकटा येतो, परीक्षेच्या किंवा महिनाअखेरीच्या सुमाराला येतो, आणि आल्याबरोबर पहिली चौकशी करतो ती पैशाची.

मी करमाळ्याची. शिकायला पुण्यास आले आणि कात्रजला राहिले. राहिले म्हणजे 'कॉट बेसिस'वर राहिले. पुण्याबाहेरच्या वाचकांसाठी सांगायला हवे की हा राहण्याचा एक खास पुणेरी प्रकार आहे. यात खोली भाड्याने मिळत नाही. खोलीतली खाट मिळते. भिंती मालकाच्या, खिडकी सामाईक, पंखा बहुमताचा, आणि आपली म्हणावी अशी जागा सहा फूट बाय तीन फूट. आमच्या खोलीत चार खाटा होत्या. एक नांदेडची, एक चिपळूणची, एक नंदुरबारची आणि एक माझी. आम्ही एकमेकींना गावाच्याच नावाने हाका मारीत असू. "चिपळूण, नळ बंद कर" किंवा "नांदेड उठली का गं?" असे आमचे संभाषण बाहेरच्या माणसाला हवामानाच्या बातम्यांसारखे वाटत असेल. जेवण खालच्या गल्लीतल्या काकूंच्या खानावळीत. काकू मूळच्या भोरकडच्या. त्यांच्या आमटीला चव होती आणि जिभेला धार होती.

कात्रज म्हटले की पुणेकरांना तलाव आठवतो, सर्पोद्यान आठवते, दूध डेअरी आठवते. बाकीच्या महाराष्ट्राला एकच गोष्ट आठवते, ती म्हणजे घाट. १६६३ साली लाल महालात शाहिस्तेखानाची बोटे तोडून महाराज सिंहगडाकडे निसटले, तेव्हा पाठलागावरच्या फौजेला चकवण्यासाठी बैलांच्या शिंगांना पलिते बांधून ते बैल कात्रजच्या घाटात सोडून दिले, अशी हकीकत आपण लहानपणापासून ऐकतो. खानाची फौज दिव्यांच्या मागे घाट चढत गेली. तेव्हापासून कोणी कोणाला भलत्याच वाटेला लावून आपण नामानिराळा राहिला, की त्याने 'कात्रजचा घाट दाखवला' असे आपण म्हणतो. आम्ही कात्रजकर तर गच्चीवर कपडे वाळत घालतानाच घाट पाहत असू. आम्हाला तो आणखी कोणी दाखवील, असे मला वाटले नव्हते.

२०२४ च्या सप्टेंबरात गणपती बसले आणि दुसऱ्याच दिवशी मला ताप भरला. गल्लीत ढोल-ताशा आणि माझ्या डोक्यातही ढोल-ताशा. दोन दिवस अंगावर काढल्यावर नांदेडने मला हाताला धरून कोपऱ्यावरच्या डॉक्टरांकडे नेले. रक्त तपासले, डेंग्यू निघाला. हा डास मोठा सभ्य असतो. गटाराकडे ढुंकून पाहत नाही, स्वच्छ साठवलेल्या पाण्यात अंडी घालतो आणि दिवसाढवळ्या चावतो. आमच्या इमारतीत पाणी एक दिवस येई आणि एक दिवस येत नसे, त्यामुळे प्रत्येक मजल्यावर स्वच्छ पाण्याची पिंपे भरलेली असत. त्याला याहून चांगले बिऱ्हाड कुठे मिळणार?

डेंग्यूला नेमके असे औषध नाही. ताप उतरवायची गोळी, भरपूर पाणी आणि लक्ष ठेवणे, एवढाच उपचार. त्यातले शेवटचे सर्वांत महत्त्वाचे, कारण खरा धोका बहुधा ताप उतरल्यावर असतो. खोलीतल्या तिघींनी आपापल्या गावचे वैद्यक माझ्यावर चालवले. नंदुरबारने पपईच्या पानांचा रस काढला, चिपळूणने किवी आणले. किवी या फळाची किंमत ऐकूनच निम्मा आजार बरा होतो. पण पाचव्या दिवशी पोटात दुखू लागले, उलट्या सुरू झाल्या, रक्तातल्या प्लेटलेट ६० हजारांवर आल्या, आणि डॉक्टर म्हणाले, "आता खोलीवर ठेवू नका. दाखल करा."

रुग्णालयाचे नाव सांगण्यात अर्थ नाही. थोड्याफार फरकाने सगळीकडे हेच घडते. काउंटरवरच्या मुलीने मान वर न करता विचारले, "सोबत नातेवाईक कोण?"

नांदेड म्हणाली, "मी."

"नातं?"

"मैत्रीण."

"मैत्रीण चालत नाही. खर्चाची जबाबदारी घेणारं घरचं माणूस लागेल."

मी तेव्हा बावीस वर्षांची होते. लोकसभेला मत देऊन मला चार महिने झाले होते. देशाचे सरकार निवडायला माझी एकटीची सही, नव्हे नुसते बोटच, पुरले होते. स्वतःच्या हाताला सलाइन लावून घ्यायला ते पुरेना. आण्णांना फोन केला, तर करमाळ्याहून एसटीने यायला त्यांना संध्याकाळ होणार. एवढ्यात काकू आल्या. खानावळ अर्धी टाकून, पदराला हात पुसत आल्या होत्या. त्यांनी कागद ओढून घेतला, सही केली, आणि 'रुग्णाशी नाते' या रकान्यात ठसठशीत अक्षरांत लिहिले, 'मावशी'. मुलीने एकदा काकूंकडे पाहिले, एकदा माझ्याकडे पाहिले, आणि शिक्का मारला.

आता विम्याकडे वळते. माझे आण्णा करमाळ्यात एका पतसंस्थेत लिपिक आहेत. करोनाच्या दुसऱ्या लाटेत शेजारच्या घरी जे झाले ते पाहून त्यांनी २०२१ साली सगळ्या कुटुंबाची मिळून ३ लाखांची आरोग्य पॉलिसी घेतली, आणि दर वर्षी न चुकता हप्ता भरला. त्या हप्त्यावर तेव्हा १८ टक्के जीएसटीही भरावा लागे. (घरगुती पॉलिसीवरचा हा कर २२ सप्टेंबर २०२५ पासून गेला, उशिरा सुचलेले असले तरी शहाणपण ते शहाणपण.) चार वर्षांत आम्ही कंपनीकडे एका पैशाची मागणी केली नव्हती. आण्णांना त्याचा अभिमान होता. ते म्हणत, "हप्ता वाया गेला म्हणजे देवाची कृपा समजायची."

मला वाटते, आपल्या आधीच्या पिढीने विम्याकडे दानधर्मासारखे पाहिले. द्यायचे आणि विसरायचे. कंपनीचेही तसे मत असावे.

रुग्णालयाने कॅशलेससाठी कंपनीला कळवले. २०२४ च्या मे महिन्यात विमा नियामक प्राधिकरणाने असा दंडक घातला आहे, की कॅशलेसच्या अर्जावर कंपनीने तासाभरात निर्णय द्यावा आणि घरी सोडताना अंतिम मंजुरी तीन तासांत द्यावी. नियम चांगला आहे, आणि पाळलाही गेला. तासाभरात कंपनीचे उत्तर आले. ते उत्तर म्हणजे एक प्रश्न होता. ताप नक्की कोणत्या तारखेला सुरू झाला? रुग्णालयाने ते कळवले. पुन्हा तासाभरात उत्तर आले, तोही प्रश्न. आधीच्या तपासण्यांचे कागद कुठे आहेत? ते पाठवले. तिसऱ्यांदा आले ते मात्र उत्तर होते: कॅशलेस सुविधा देता येत नाही, खर्च करून नंतर मागणी करावी. तोवर आण्णा येऊन पोचले होते. साथीचे दिवस, त्यामुळे सर्वसाधारण कक्षात एकही खाट रिकामी नव्हती. दिवसाला ५ हजारांची स्वतंत्र खोली तेवढी शिल्लक होती. आण्णांनी खिशातून एक पाकीट काढले आणि अनामत भरली.

त्या पाकिटात काय होते ते मला माहीत होते. धाकटा भाऊ लातूरला बारावीचे क्लास करीत होता. क्लासचा दुसरा हप्ता आणि त्याच्या वसतिगृहाचे पैसे त्या पाकिटात होते.

चार दिवसांनी मला घरी सोडले. बिल ५८ हजार झाले. भाऊ ऑक्टोबरात पेटी घेऊन करमाळ्यास परत आला. तो काही बोलला नाही; उलट म्हणाला, "तिथं डास फार होते ताई, बरं झालं." त्याने माळवदावर टेबल मांडले आणि जुन्या नोट्सवर अभ्यास सुरू केला. कोणी बोलले असते तर बरे वाटले असते.

आम्ही कंपनीकडे फाइल पाठवली. मूळ बिले, मूळ पावत्या, डॉक्टरांचे पत्र, रद्द केलेला धनादेश. ऑक्टोबरात तीन शंका आल्या, त्यांतल्या एकीविषयी शेवटी सांगेन. नोव्हेंबरात निकाल आला. पत्र इंग्रजीत होते आणि मोठे नम्र होते. आशय एवढाच, की कागदपत्रे पाहता रुग्णाची प्रकृती स्थिर होती, रुग्णालयात दाखल करण्याची गरज नव्हती, घरी राहून उपचार घेता आले असते. सबब मागणी मान्य करता येत नाही.

घरी राहून! मी ते पत्र खाटेवर बसून वाचले. शेजारी नंदुरबारचे ओले कपडे दोरीवर ठिबकत होते. कंपनीला वाटत असलेले घर कोणते? त्या घरात रात्री दर दोन तासांनी उठून लघवी झाली का विचारणारे कोणी होते, नाडी पाहणारे कोणी होते, रोज सकाळी रक्त तपासायला नेणारे कोणी होते. ते घर करमाळ्यास होते, आणि कंपनीच्या कागदावरही माझा पत्ता करमाळ्याचाच होता. कात्रजला मला घर नव्हते, खाट होती. विम्याच्या कागदांत आजारी माणसाचे वय विचारतात, वजन विचारतात, आजोबांना मधुमेह होता का ते विचारतात; पण तू झोपतेस कुठे आणि तुझ्या उशाशी कोण बसते, हा प्रश्न कुठल्याच अर्जात नाही. आणि घरी ठेवायचे की दाखल करायचे, याचे निम्मे उत्तर त्या प्रश्नात असते.

तुम्ही म्हणाल, कॉलेजात विद्यार्थ्यांचा विमा असतो ना? असतो. शुल्काच्या पावतीत त्याची एक ओळही असते. आमच्या कॉलेजचा विमा अपघाताचा होता. जिन्यावरून पडले असते तर तो धावून आला असता. मी विचारले, डास चावणे हा अपघात नव्हे काय? मी तरी काही त्याला बोलावले नव्हते. पुढे चौकशी केली तेव्हा कळले की हा प्रश्न माझ्याआधी सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाऊन आला आहे. मोझांबिकमध्ये नोकरीला असलेले एक भारतीय गृहस्थ मलेरियाने वारले. त्यांच्या गृहकर्जाला अपघात विमा जोडलेला होता. राष्ट्रीय ग्राहक आयोगाने हा अपघात मानला; पण मार्च २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय फिरवला. त्या देशात तीन माणसांतल्या एकाला मलेरिया होतो, तिथे डास चावून मलेरिया होणे ही अनपेक्षित गोष्ट नव्हे, असे न्यायालय म्हणाले. निकाल तर्काला धरून आहे, आणि पुण्याच्या पावसाळ्यालाही तो लागू पडेल. दुःख एवढेच, की जितकी साथ मोठी तितका अपघात लहान.

कात्रजच्या तलावाकाठी बसून मी या सगळ्याचा पुष्कळ विचार केला. बरे होणाऱ्या माणसाला दुसरा उद्योग नसतो. हा तलाव नानासाहेब पेशव्यांच्या काळातला, अठराव्या शतकाच्या मध्यावरचा. इथले पाणी दगडी भुयारातून, वाटेत हवेसाठी ठेवलेल्या उच्छ्वासांखालून, नुसत्या उतारावर शनिवारवाड्यापर्यंत आणि पेठांतल्या हौदांपर्यंत नेलेले होते. विमा म्हणजे तरी दुसरे काय? सगळ्यांनी मिळून भरलेला हौद. ज्याला तहान लागेल त्याने घागर बुडवावी. त्या हौदांवर कोणी पूर्वसंमती विचारीत नसे, असे लिहिण्याचा मला फार मोह झाला होता. पण ते खरे नाही. हौदावरही विचारीत. जात विचारीत. म्हणून तर १८६८ साली जोतीराव फुल्यांना आपल्या घरचा हौद अस्पृश्यांसाठी मोकळा करावा लागला. तेव्हा हौद बांधणे हे एक काम आणि तो ज्याच्यासाठी बांधला त्याला तिथवर पोचू देणे हे दुसरे, आणि दुसरे नेहमीच अधिक अवघड असते.

आपल्याकडे विद्यार्थ्याच्या पोटाचा आणि निवाऱ्याचा विचार खूप झाला आहे. जुन्या पुण्यात माधुकरी होती, वार लावून जेवणे होते. त्यातही उंबरठे पाहूनच पान मांडले जाई. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९०१ पासून वसतिगृहे उभी केली. पुण्यात १९०९ मध्ये अनाथ विद्यार्थी गृह निघाले, तेच आजचे पुणे विद्यार्थी गृह. १९५५ मध्ये विद्यार्थी साहाय्यक समिती निघाली. साताऱ्यात कर्मवीरांच्या वसतिगृहातल्या मुलांसाठी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने दिले. भाकरी झाली, छप्पर झाले. ताप मात्र ज्याचा त्याच्याकडे राहिला. शासनाची महात्मा जोतीराव फुले यांच्याच नावाची जन आरोग्य योजना आहे, आता ती सर्व कुटुंबांना खुली आहे. पण ती ठरावीक रुग्णालयांत आणि ठरावीक उपचारांना मिळते, आणि उलट्या होत असताना रिक्षात बसून यादी वाचता येत नाही.

डिसेंबरात मी कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला पत्र लिहिले. मराठीत लिहिले. डॉक्टरांनी दाखल करण्याची दिलेली चिठ्ठी, पोटदुखी आणि उलट्या ही डेंग्यूतली धोक्याची लक्षणे मानतात हे डॉक्टरांच्याच शब्दांत, आणि शेवटी आमच्या खोलीचा एक नकाशा. चार खाटा, एक खिडकी, मोजमापे घालून. नकाशा चिपळूणने काढला, ती स्थापत्य अभियांत्रिकीची. पत्राच्या तळाशी लिहिले, की महिन्याच्या आत समाधानकारक उत्तर न आल्यास विमा लोकपालांकडे जाईन. हे लोकपाल पुण्यातच बसतात. त्यांच्याकडे वकील लागत नाही, शुल्क लागत नाही. आधी कंपनीकडे लेखी तक्रार केलेली असावी आणि तिच्या नकारानंतर वर्षाच्या आत जावे, एवढेच. ज्यांच्या घरी पॉलिसी आहे त्यांनी ही गोष्ट फराळाच्या डब्याच्या झाकणावर लिहून ठेवावी.

नकाशाने की लोकपालांच्या नावाने कोण जाणे, पण फेब्रुवारीत ४१ हजार रुपये जमा झाले. १७ हजार कापले गेले होते. कापण्याचा हिशेब आण्णांनी पतसंस्थेच्या पद्धतीने ताडून पाहिला आणि तो बरोबर निघाला. पॉलिसीत खोलीभाड्याला विमा रकमेच्या १ टक्का, म्हणजे दिवसाला ३ हजारांची मर्यादा होती. आमची खोली ५ हजारांची. तेव्हा खोलीचे २० हजार होते त्यांचे १२ झाले. पण गंमत पुढेच आहे. खोली महाग म्हणून डॉक्टरांच्या भेटी आणि शुश्रूषा यांच्या १५ हजारांनाही तेच प्रमाण लावले, त्यांचे ९ झाले. जणू महागड्या खोलीत डॉक्टर माझी नाडी अधिक ऐटीत पाहत होते. औषधे आणि तपासण्या यांचे २० हजार पूर्ण मिळाले. हातमोजे, नोंदणी वगैरे ३ हजार देय नव्हतेच. हे सगळे पॉलिसीत छापलेले होते, त्यामुळे त्यावर भांडता येत नव्हते. आण्णा म्हणाले, "हिशेब चोख आहे." आणि थोड्या वेळाने म्हणाले, "पण सर्वसाधारण कक्षात खाट नव्हती, हे कुठल्या रकान्यात लिहायचं?"

पैसे आले त्या आठवड्यात भावाची बारावीची परीक्षा सुरू झाली होती. तो पास झाला. लातुरात राहिला असता तर किती गुण पडले असते, हा हिशेब आमच्या घरात कोणी मांडत नाही.

आता ती राहिलेली शंका. ऑक्टोबरात कंपनीने विचारले होते, की दाखल करताना सही करणाऱ्या 'मावशी' यांचे रुग्णाशी नेमके नाते स्पष्ट करावे. आमचे आण्णा म्हणजे पतसंस्थेत तीस वर्षे आठ आण्यांचाही फरक न चालवलेले गृहस्थ. कागद पुढे घेऊन ते रात्रभर बसले. आधी लिहिले, 'सदर बाई मुलीच्या मावशी आहेत.' ते खोडले. मग आईला विचारले, "त्या दिवशी तिच्या उशाशी रात्रभर कोण होतं?" आई म्हणाली, "त्याच होत्या. तुम्ही तर बाकावर घोरत होतात." तेव्हा त्यांनी वळणदार अक्षरात लिहिले, 'सदर बाई मुलीच्या मावशी लागतात,' आणि खाली सही केली. कंपनीने याविषयी पुन्हा काही विचारले नाही.

लेखी नाते झाल्यावर आईला ते निभावणे भाग पडले. त्या दिवाळीला तिने काकूंना बहिणीला पाठवावी तशी इरकली साडी आणि शेंगाचटणीची बरणी पाठवली. उलट एसटीने काकूंचा अनारशांचा डबा आला, आणि डब्यात वहीच्या कागदाची एक चिठ्ठी होती: "साडी नेसले. पण आधी एक ठरवा, आपल्यात थोरली कोण? म्हणजे पुढच्या वेळी कोणी कोणाला नमस्कार करायचा ते कळेल."